पोटखराबा

भिवंडी तालुक्यातल्या एका गावात पाइनचं जंगल आहे. सरकारदरबारी तशी नोंद आहे आणि त्या नोंदीखाली माझी सही आहे.

गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढे येईल. गाव मूळचं भाताचं, आता गोदामांचं. खाडी मोटरसायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर. मे महिन्यात दुपारी पत्र्याकडे नुसतं बघितलं तरी डोळे दुखतात असं आमचं हवामान. या गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत 'वृक्ष' या सदराखाली सहाव्या ओळीत छापलं आहे: 'चीड – विपुल'. त्याच्याखाली 'देवदार – मध्यम'. चीड म्हणजे हिमालयातला पाइन. शेवटच्या पानावर 'माहिती संकलक' म्हणून मी, तारीख २७ जानेवारी २०२०, आणि शेजारी ग्रामपंचायतीचा गोल शिक्का.

हसू येतं, मलाही आलं होतं. नंतर हसू गेलं.

जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीनं एक समिती नेमायची आणि गावातली झाडं, भाताचे वाण, गुरं, मासे, औषधी आणि ते जाणणारी माणसं, या सगळ्यांची नोंदवही गावकऱ्यांना विचारून तयार करायची. कल्पना चांगली आहे. माधव गाडगीळांसारख्या माणसानं तिच्यामागे अनेक वर्षं घातली. पण कायदा कपाटात राहिला. मग ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं बजावलं की ३१ जानेवारी २०२० पर्यंत नोंदवह्या पुऱ्या करा, नाहीतर पुढे दरमहा दहा लाख रुपये भरा. सतरा वर्षं झोपलेली यंत्रणा खडबडून उठली. राज्यात सत्तावीस हजारांवर ग्रामपंचायती आणि हातात पाच महिने. कामं संस्थांना गेली, संस्थांकडून पोटकंत्राटदारांकडे, आणि तिथून शेवटी माझ्यासारख्यांकडे आली. एका नोंदवहीमागे अडीच हजार रुपये, पेट्रोल आपलं.

माझ्यासारखे म्हणजे बीएस्सी वनस्पतिशास्त्र, आणि त्याचा पुढे काहीही उपयोग न झालेले. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम होते. बत्तीस माग त्यांच्या हाताखाली; कुठला माग अडला ते दाराबाहेरून नुसत्या आवाजावर सांगायचे. मी वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा एवढंच म्हणाले, "कापूस पण झाडालाच लागतो." नोटाबंदीनंतर त्या शेठनं माग भंगाराच्या भावानं विकले. मी त्याआधीच, २०१४ पासून, गोदामात लागलो होतो. काम स्टॉकचं. रॅकवरचे खोके मोजायचे, बारकोड मारायचा, पडद्यावरचा आकडा आणि डोळ्यांसमोरचा आकडा जुळवायचा. जुळला नाही तर रात्री थांबायचं. पाच वर्षं मी शाम्पू, डायपर आणि मिक्सर मोजले. मोजण्याची एक सवय जडते माणसाला. कुठंही गेलं तरी नजर आधी ओळी मोजते.

त्या गावातली राई मी पहिल्यांदा बघितली ती गोदामाच्या छपरावरून. २०१७ चा एप्रिल असेल. छपरावरच्या पंख्यांतून पावसाचं पाणी झिरपायचं, म्हणून पावसाळ्याआधी ते बघायला कंत्राटदाराच्या माणसाबरोबर वर चढलो होतो. वरून सगळीकडे पत्रा. निळा पत्रा, राखाडी पत्रा. मध्ये भरणी केलेली शेतं, लाल मुरमाची. पलीकडे टेकाडं, त्यांच्यावर साग आणि पळस, पानं गळून काठ्या झालेली. आमच्याकडे फेब्रुवारी संपता संपता डोंगर असे उघडे पडतात आणि मग कोणीतरी बिडी टाकतो. त्या सगळ्या करड्या-तांबड्यात एका टेकाडाच्या पायथ्याशी एक हिरवा ठिपका होता. हिरवा म्हणजे काळपट हिरवा, भर पावसाळ्यातल्यासारखा. मी त्या माणसाला विचारलं, ते काय? तो बिहारचा. म्हणाला, "कोई बगीचा होगा सेठ का."

शेठ लोकांचे बगीचे मी पाहिलेत. ते एप्रिलमध्ये टँकरच्या पाण्यावर हिरवे असतात आणि त्यांच्या कडा सरळ असतात. याच्या कडा सरळ नव्हत्या.

तरी दोन वर्षं मी तिकडे गेलो नाही. रविवारची सुट्टी धुण्याभांड्यात जाते. नोंदवहीचं काम आलं तेव्हा मी गोदाम सोडलं होतं आणि वाट्याला आलेल्या गावांत ते गाव होतं.

खरं सांगायचं तर बाकीच्या गावांत मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. ग्रामसेवकाच्या टेबलाशी बसायचं, चहा यायचा, गावात कोणती झाडं असं विचारलं की ग्रामसेवक म्हणायचा, "लिहा ना, आंबा, चिंच, वड. सगळीकडे तीच." सरपंच साइटवर असायचे. समितीच्या सदस्यांना आपण सदस्य आहोत हे माहीत नसायचं. एका बाईंनी सही करताना विचारलं, "हे गॅसचं आहे का?" संस्थेनं तयार मजकुराची एक फाइल दिली होती, गावाचं नाव बदलायचं, लोकसंख्या बदलायची. सहीचं शेवटचं पान आधीच घेऊन ठेवलं होतं, कोऱ्या नोंदवहीवर. घाई असते म्हणाले. मी दिली. एकूण नऊ गावं, प्रत्येकी चार दिवस.

दहाव्या गावात मात्र मी अकरा दिवस गेलो.

राई तशी लहान. पावलांनी मोजली तर लांबी दोनशे दहा, रुंदी कुठे नव्वद, कुठे साठ. बाहेरून करंज आणि निवडुंगाचा कुंपणासारखा दाट पट्टा. आत शिरायला एकच वाट, वाकून. चार पावलं गेलं की आवाज बदलतो. बाहेर महामार्गाचा घरघराट चोवीस तास असतो. आत तो बंद होत नाही, पण शेजारच्या खोलीत गेल्यासारखा वाटतो. पायाखाली पातेरा, टाच बुडेल इतका. मी वरचा थर हातानं बाजूला केला. वर कोरडी पानं, त्याखाली ओलसर आणि काळी पडलेली, त्याखाली पानांच्या नुसत्या शिरा, जाळीसारख्या, आणि त्याखाली चहाच्या चोथ्यासारखी माती. डिसेंबरचा शेवट होता. दोन महिन्यांत थेंब पडला नव्हता आणि बोटाला ओल लागली.

मोठी झाडं मोजली. बेहडा दोन, त्यातल्या थोरल्याचा छातीच्या उंचीला घेर चार मीटर दहा सेंटिमीटर. शिंप्याची टेप पुरली नाही, तीनदा लावावी लागली. रायवळ आंबे पाच. जांभूळ, उंबर, कुंभा, एक म्हातारा सातवीण. आणि त्यांच्या मधली जागा भरून काढणारी, कोणाच्या लक्षात न येणारी अंजनी. शंभरापर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं.

अंजनी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माथेरानला गेला असाल तर तिच्या सावलीतून चालला आहात. तिथं तिला लोखंडी पण म्हणतात, लाकूड तसंच. उंची फार नाही, पान जाड, गडद, वरून तेल लावल्यासारखं. वर्षभर हिरवी. उन्हाळ्याच्या तोंडाला फुलते तेव्हा फुलं देठांवर लोंबत नाहीत, थेट फांदीला चिकटून येतात, झुबक्यांनी, निळी-जांभळी. ओल्या काठीवर निळीची पुडी उधळावी तशी फांदी दिसते. हे झाड उघड्या माळावर, सागाच्या विरळ रानात असं गर्दीनं येत नाही. त्याला सावली हवी, ओल हवी, आणि कुऱ्हाडीपासून सुट्टी हवी. ते इथं शंभरावर आहे याचा अर्थ, एके काळी या टेकाडांच्या पायथ्यांना अशी सदाहरित रानं आणखी असावीत आणि त्यातला हा एक तुकडा मागं राहिला आहे. पुस्तकी भाषेत याला अवशिष्ट वन म्हणतात. आमच्या कारखान्याच्या भाषेत, थान संपल्यावर बीमवर जे काही वार उरतं ते.

बाकीचं कुठं गेलं हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि इथल्या खाडीत गलबतं बांधायला सुरुवात झाली; लाकूड इथलंच जाणार. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत रेल्वे आली आणि पुढं कल्याण, कसारा. स्लीपर आणि मुंबईच्या चुली. आणि गावाची स्वतःची कुऱ्हाड होतीच: राब. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायची, त्यासाठी झाडांच्या डहाळ्या आणि पाला दरवर्षी छाटायचा. इंग्रजांच्या वनखात्यानं त्याला आडकाठी केली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका आरडाओरडा झाला की १८८५ मध्ये सरकारला आयोग नेमावा लागला. मी राबाला शिव्या घालणार नाही, त्या भातावरच आम्ही वाढलो. पण दीडशे-दोनशे वर्षं दरवर्षी छाटलेल्या टेकाडावर पळस आणि घाणेरी उरते. मग भातही गेलं. तानसाच्या पाइपलाइन आमच्या तालुक्यातून मुंबईला पाणी नेतात, नाशिकचा महामार्ग जातो, आणि समृद्धी महामार्गाचं मुंबईकडचं टोक आता आमच्याच तालुक्यात, आमण्याला उतरतं. जमिनीला जो भाव आला त्याच्यापुढं कुऱ्हाड म्हणजे खेळणं.

राईत एक चौथरा आहे. त्यावर तीन तांदळे, शेंदूर लावलेले, आणि वाघाचं एक जुनं लाकडी चित्र, पाण्यानं पुसट झालेलं. पूजा ज्यांच्या घरात आहे त्या घरातले थोरले, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, वय सत्तरीच्या पुढं. पहिल्या दिवशी त्यांनी मला आत जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी चपला काढायला लावल्या. तिसऱ्या दिवशी स्वतः आले.

"भाऊ, ही राई लावली कोणी?"

"लावली नाय कोनी. माझ्या आज्यान नाय लावली, त्याच्या आज्यान पन नाय. ती हाय तशी हाय."

"आणि तोडली का नाही कोणी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, आईला का विकली नाही. मग एक गोष्ट सांगितली. त्यांच्या चुलत्याच्या काळात कोणीतरी आंब्याची एक वाळलेली फांदी नेली, आणि त्याच वर्षी त्याचा बैल मेला. "फांदी परत आनून ठेवली. ती बग तिथं, कुजली आता." तिथं खरोखर लाकडाचा एक भुगा होता. खाली पडलेलं लाकूडसुद्धा बाहेर न्यायचं नाही, हा नियम. देवाच्या जेवणाला चूल पेटवायची तर आतलं लाकूड आत चालतं.

प्रपत्रात 'संवर्धनाचे कारण' असं सदर होतं आणि त्यासाठी दीड ओळ. मी लिहिलं, 'श्रद्धा'. बैल कुठं लिहिणार?

झाडांची नावं सांगितली ती भाऊंनी नव्हे. ती सांगितली पलीकडच्या कातकरी वाडीवरच्या एका बाईनं. प्रपत्रात तिचं नाव 'जाणकार व्यक्ती' या सदरात घालू का विचारलं तर म्हणाली, "नका दादा, मग बोलवतील." कोण बोलवतील ते सांगितलं नाही. ती जूनच्या पहिल्या पावसात राईच्या कडेनं शेवळं खुडते आणि भिवंडीच्या बाजारात जुडी लावून बसते. शेवळं नुसती खाल्ली तर घशाला खाज सुटते. त्यात काकडाची फळं घालावी लागतात. गंमत अशी की काकडाचं झाड पण याच राईच्या कडेला, शेवळांपासून वीस पावलांवर. विष आणि उतारा शेजारी. मी तिला विचारलं, राईच्या आतली शेवळं जास्त मोठी असतील ना? "आतली देवाची," ती म्हणाली, आणि पुढं, हसून, "आत अंधार असतो, तिथं येतच नाहीत." मला हे उत्तर फार आवडलं. श्रद्धा आणि वनस्पतिशास्त्र दोन्ही एका वाक्यात, आणि दोन्ही तिच्या सोयीचं.

मग सातबारा काढला. ही सवय भिवंडीची; इथं माणूस देवाचासुद्धा सातबारा काढतो. मला वाटलं होतं गुरचरण निघेल, नाहीतर देवस्थान इनाम. निघाली खासगी. भाऊंच्या पणज्याच्या नावची, आणि वारसांची नोंद होत होत आता सत्तावन्न नावं. तीन पानं नुसती नावांची. भावाभावांत बोलणं नाही, दोन घरं डोंबिवलीला, एक पनवेलला, एक शाखा अशी की तिचा पत्ता कोणालाच नाही. आणि क्षेत्राच्या रकान्यात, जिरायत शून्य, बागायत शून्य. सगळी राई एका शब्दाखाली: पोटखराबा, वर्ग अ.

शहरी वाचकासाठी सांगतो. ज्या जमिनीत नांगर चालत नाही, खडक, नाला, खाण असेल, ती पोटखराबा. शेताच्या पोटातला खराब भाग. तिच्यावर आकार नाही, म्हणजे सारा नाही. सरकारच्या वहीत ही सबंध तालुक्यातली कदाचित सर्वांत जुनी झाडं 'लागवडीस अयोग्य' आहेत. मी तो शब्द बराच वेळ बघत बसलो. पाच वर्षं मी डॅमेज मालाचा वेगळा रॅक सांभाळला होता. त्याच्यावर कोणी हक्क सांगत नाही, म्हणून तो सगळ्यांत जास्त दिवस जागेवर राहतो.

नोंदवहीत देवराईसाठी वेगळं पान होतं. त्यात गट क्रमांक आणि अक्षांश-रेखांश भरायचे. भाऊंनी विचारलं, ही वही कोन बगनार? मी म्हटलं, सगळे. ऑनलाइन पण जाईल. ते थोडा वेळ गप्प बसले.

"नाव लिव," ते म्हणाले. "नंबर नको लिवूस."

त्यांचं म्हणणं मला पटलं. आमच्याकडे गट नंबर कळला की चार दिवसांत एजंट दारात येतो. मी वर्णन हातानं, सात पानं, जमेल तितकं नेटकं लिहिलं. झाडांची यादी, घेर, पक्षी, झरा, कातकरी बाईनं सांगितलेली नावं. गट क्रमांकाच्या जागी रेघ मारली. २५ जानेवारीला कागद संस्थेच्या टायपिस्टला दिले.

छापून आलेली प्रत मी पाहिली ती मार्चमध्ये, लॉकडाऊन लागायच्या आठवडाभर आधी. माझ्या सात पानांच्या साडेचार ओळी झाल्या होत्या. 'गावात देवराई आहे. श्रद्धेने राखली आहे.' आणि वृक्षांची यादी तयार फाइलमधून जशीच्या तशी डकवली होती. ती फाइल कुठल्यातरी उत्तरेकडच्या राज्यातून आली असणार. अंजनी नाही. बेहडा नाही. चीड, विपुल.

संस्थेला फोन केला. "सर, बिलं निघालीत," ते म्हणाले. खाली सही माझीच होती, कोऱ्या पानावर आधी दिलेली. तेव्हा दोष फक्त त्यांना कसा देऊ?

टाळेबंदीत करायला काही नव्हतं. मोबाइलवर मी पाइनबद्दल वाचत बसलो, रागानंच म्हणा. पाइन अशा जागी उगवतो का कधी, जिथं उगवायला नको? तर उगवतो. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, आतल्या कोरड्या भागात एक जंगल आहे, नावच 'लॉस्ट फॉरेस्ट', हरवलेलं रान. चहूबाजूंनी सेजब्रशचा माळ: करड्या पानांची, कमरेपर्यंत येणारी झुडपं, क्षितिजापर्यंत तीच. आणि मध्येच पाँडेरोसा पाइनचं छत्तीस चौरस किलोमीटरचं रान. जवळचं दुसरं पाइनचं जंगल तिथून साठेक किलोमीटरवर. पाऊस वर्षाला जेमतेम अडीचशे मिलिमीटर, आणि या झाडाला एरवी साडेतीनशेच्या वर लागतो. मग ते जगतं कसं? थंड, ओल्या काळात ती झाडं सगळीकडे होती. हवा कोरडी होत गेली, बाकीची मेली, ही राहिली, कारण त्या जागी वर वाळू आहे आणि खाली जुन्या तळ्याचा कडक थर. पाऊस पडला की वाळू तो लगेच गिळते, खालचा थर त्याला पुढं जाऊ देत नाही, आणि वरच्या वाळूमुळं तो उडूनही जात नाही. झाडं ती साठवण वर्षभर पितात.

हे वाचलं आणि मला राईतला तो पातेरा आठवला. आमच्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, ओरेगॉनच्या आठपट; पण तो चार महिन्यांत येतो आणि उघड्या टेकाडावरून तासाभरात खाडीत जातो. उरलेले आठ महिने ओरेगॉनच. फरक एवढाच की राईची वाळू राईनं स्वतः तयार केली आहे, पानं गाळून गाळून. २०२१ च्या एप्रिलमध्ये मी पुन्हा एका गोदामात लागलो होतो. तिथलं तापमान आणि दमटपणा मोजायचं यंत्र, खाण्याच्या मालासाठी असतं ते, एका रविवारी खिशात घालून घेऊन गेलो. दुपारी दोन वाजता बाहेर चाळीस, आत चौतीस. दमटपणा बाहेर अठ्ठावीस टक्के, आत एकावन्न. एका दिवसाचं माप आहे, त्यावरून सिद्धांत मांडू नये. पण सहा अंश म्हणजे काय हे ज्यानं पत्र्याखाली काम केलंय त्याला विचारा.

असली रानं महाराष्ट्रात आणखी आहेत. देवराया अडीच हजारांच्या वर नोंदल्या गेल्या आहेत, पुण्याच्या वा. द. वर्तकांनी गाडगीळांबरोबर सत्तरच्या दशकात पायी हिंडून त्यांचं काम सुरू केलं. तळकोकणात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याला तर जंगली जायफळाच्या जातीची झाडं दलदलीत उभी आहेत, गुडघ्यासारखी मुळं चिखलातून वर काढून; तसली दलदल एरवी गोवा-कर्नाटक-केरळात शोधायला जावं. अडीच-पावणेतीन हेक्टरांचा तो तुकडा २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. त्याला क्रमांक आहे, हद्द आहे, अधिसूचना आहे. ते वाचताना माझ्या मारलेल्या रेघेचं मला पहिल्यांदा थोडं वाईट वाटलं.

पुरतं वाईट वाटलं ते २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये. राईच्या पूर्वेला एका गोदामाचं काम निघालं आणि त्याला जायला रस्ता हवा होता. सर्वात जवळची वाट राईच्या कडेनं. एका सकाळी चुन्याच्या फक्क्या पडल्या, दुपारी जेसीबी आला. भाऊंचा नातू मला फोन करून म्हणाला, "दादा, तुमची ती वही आना." मी पोचलो तेव्हा करंजाचा पट्टा उघडला होता आणि चार अंजनी आडव्या होत्या. तुटलेल्या बुंध्याला मी हात लावला; मनगटाएवढा जाड, आणि वर्षांची वलयं मोजता येऊ नयेत इतकी बारीक. लाकडावर जेसीबीचे दात घसरले होते, त्याचे ओरखडे दिसत होते.

नोंदवही घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं, हे कबूल केलं पाहिजे. मग त्यानं वही उघडली. गट क्रमांक? रेघ. हद्द? नाही. मग त्यानं पान उलटलं, त्याची नजर सहाव्या ओळीवर गेली आणि तो मला म्हणाला, "हे चीड म्हणजे कुठलं हो?"

मी काही बोललो नाही. भाऊ माझ्याकडे बघत होते. त्यांना वाचता येत नाही.

काम थांबलं, ते त्या वहीमुळं नव्हे. डोंबिवलीच्या घरातला एक चुलतभाऊ, ज्यानं राई वीस वर्षांत पाहिली नव्हती, त्याला कुणीतरी सांगितलं की रस्त्याच्या जागेचे पैसे भाऊ एकटे खातायत. त्यानं वकिलाकडून हरकत टाकली. त्याचं ऐकून पनवेलच्या घरानं टाकली. गोदामवाल्यानं सत्तावन्न सह्या गोळा करायचा हिशेब केला, त्यात पत्ता नसलेली शाखा धरून, आणि रस्ता पश्चिमेकडून, लांबून नेला. भाऊ अजून त्या चुलतभावाशी बोलत नाहीत. ओरेगॉनात ते रान वाळूनं राखलं, आमचं भाऊबंदकीनं.

त्यानंतर मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे की नोंदवही दुरुस्त करावी: वृक्षांची यादी बदलावी, देवराईची सात पानं जोडावीत आणि गट क्रमांक घालावा. क्रमांक घालायला भाऊ या वेळी स्वतःच म्हणाले. समितीचा ठराव लागतो आणि समितीची बैठक लागते. तीनदा विषयपत्रिकेवर आला, तीनदा कोरम भरला नाही. दरम्यान उघडलेल्या कडेला घाणेरी घुसली आहे. भाऊंचा नातू आणि मी पावसाळ्याच्या आधी ती उपटतो, आणि करंजाच्या शेंगा तिथंच पुरतो. उपटलेली घाणेरी बाहेर न्यायला परवानगी आहे, हे आम्ही चौथऱ्यापुढं नारळ ठेवून विचारून घेतलं.

ठराव अजून झालेला नाही. गेल्या महिन्यात पनवेलच्या घरात एक म्हातारी गेली आणि तिच्या मागं वारस नोंद झाली. मी नवा उतारा काढून आणला. राई अजून पोटखराबाच आहे, आणि सातबाऱ्यावर आता बासष्ट नावं आहेत.